ज्वालामुखी आणि हिंगोलीचा काळा पाषाण

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत पांगरा शिंदे हें गांव आहे. या गांवीं, तसेंच औंढा नागनाथ व कळमनुरी या तालुक्यांतील आसपासच्या गांवीं, जमिनीच्या पोटांतून गूढ आवाज येण्याचा अनुभव लोकांस अनेक वर्षांपासून आहे. आभाळांत ढग नसतां गडगडाट व्हावा, फळीवरचीं भांडीं खणखणावीं आणि क्षणांत सर्व शांत व्हावें, असा हा प्रकार असतो. इ. स. २०२४ च्या मार्च महिन्याच्या २१ तारखेस सकाळीं सहाच्या सुमारास या जिल्ह्यांत रिश्टर मापनाप्रमाणें ४.५ इतका भूकंप झाला व कांहीं मिनिटांतच ३.६ चा दुसरा धक्का बसला. त्याच वर्षीं १० जुलै रोजीं सकाळीं पुन्हां ४.५ चा धक्का जाणवला. अशा वेळीं घराबाहेर येऊन उभ्या राहिलेल्या माणसांच्या मनांत एक प्रश्न सहजच उभा राहतो : जमिनीखालीं ज्वालामुखी तर जागा होत नाहीं ना?

हा प्रश्न भीतीपोटीं आलेला असला, तरी तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. कारण हिंगोली जिल्ह्याची जवळजवळ सारी भूमि खरोखरच ज्वालामुखीनें घडविलेली आहे. कयाधू नदीच्या पात्रांतील काळे खडक, औंढ्याच्या नागनाथ मंदिराच्या प्राचीन भागांतील कोरीव दगड, शेताच्या बांधावर रचलेले धोंडे, हे सारे एके काळीं वितळून वाहत होते. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर नीट मिळावयाचें, तर ज्वालामुखी म्हणजे काय, तो कशानें पेटतो आणि कशानें विझतो, हें प्रथम क्रमानें पाहिलें पाहिजे.

ज्वालामुखी हा शब्दच थोडा फसवा आहे. हिमाचल प्रदेशांतील कांगडा जिल्ह्यांत ज्वालामुखी देवीचें प्रसिद्ध स्थान आहे. तेथें खडकाच्या फटींतून बाहेर पडणारा नैसर्गिक वायु पेटता राहतो आणि भाविक त्या ज्योतींची पूजा करतात. तेथें वितळलेला दगड मुळींच नाहीं. म्हणून भूशास्त्राच्या अर्थानें तो ज्वालामुखी नव्हे. उलट, खऱ्या ज्वालामुखींत कांहींच जळत नसतें. लाकूड किंवा कोळसा हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून जळतो. दगड तसा जळत नाहीं, तो वितळतो. शिखरावर रात्रीं जो लाल प्रकाश दिसतो, तो लोहाराच्या भट्टींतील लोखंडासारखा तापून लाल झालेल्या दगडाचा असतो. आणि जो धूर भासतो, तो वाफ, इतर वायु व दगडाचा बारीक चुरा यांचा लोट असतो. भूगर्भांतील वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, आणि त्यांतील वायु ज्या वाटेनें भूपृष्ठावर येतात, त्या वाटेस ज्वालामुखी म्हणावें. ती वाट डोंगराच्या माथ्यावर असेल, किंवा सपाट मैदानांतील लांबच लांब भेगेंतहि असेल. बाहेर आलेल्या शिलारसास लाव्हा असें नांव आहे.

पृथ्वीच्या पातळ कवचाखालीं सर्वत्र वितळलेल्या दगडाचा समुद्र उसळत आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. खंडांच्या खालीं हें कवच सामान्यतः ३५ ते ४० किलोमीटर जाडीचें असतें. त्याच्या खालीं सुमारें २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जो थर आहे, तो अत्यंत तप्त असूनहि बहुतांशीं घनच आहे. याचें कारण दाब. स्वयंपाकघरांतील कुकरांत दाब वाढलेला असल्यामुळें पाणी १०० अंशांवर उकळत नाहीं. त्याला सुमारें १२० अंश उष्णता लागते. खडकाचेंहि तसेंच आहे. वरील खडकांच्या प्रचंड भारामुळें खालचा खडक वितळण्यास अधिक उष्णता लागते, आणि ती न मिळाल्यानें तो घनरूपांतच राहतो.

मग शिलारस होतो तरी कसा? त्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली वाट दाब कमी होण्याची. भूकवचाचे विशाल तुकडे जेथें एकमेकांपासून दूर सरकतात, तेथें खालचा तप्त खडक वर येतो, त्यावरील भार हलका होतो आणि नवी उष्णता न मिळतांहि तो अंशतः वितळतो. महासागरांच्या तळाशीं व आइसलंड बेटावर हें घडत असतें. दुसरी वाट पाण्याची. एक तुकडा दुसऱ्याखालीं घुसतो, तेव्हां तो समुद्राचें पाणी आपल्याबरोबर खोल नेतो. मीठ टाकल्यानें बर्फ जसें लवकर वितळतें, तसा पाण्याच्या संगतीनें तप्त खडक कमी उष्णतेवर वितळतो. जपान, इंडोनेशिया व आपल्या अंदमान समुद्रांतील बॅरन बेट येथील ज्वालामुखी या जातीचे आहेत. बॅरन बेट हा भारताच्या हद्दींतील एकमेव जागृत ज्वालामुखी असून, दीर्घकाळ शांत राहिल्यावर इ. स. १९९१ मध्यें तो पुन्हां जागा झाला. तिसरी वाट खोल भूगर्भांतून वर चढणाऱ्या अतितप्त खडकाच्या स्तंभाची. हवाई बेटें आणि हिंदी महासागरांतील रीयुनियन बेट अशा स्तंभांवर उभीं आहेत. हिंगोलीच्या कथेंत या रीयुनियन बेटाचें नांव पुढें येणार आहे.

शिलारस भोवतालच्या घन खडकापेक्षां हलका असल्यानें वर चढूं लागतो. त्यांत पाण्याची वाफ, कर्बवायु, गंधकाचे वायु विरघळलेले असतात. गोटीच्या सोड्याच्या बाटलींत वायु असतो, पण गोटी दाबीपर्यंत तो दिसत नाहीं. गोटी खालीं जातांच दाब सुटतो आणि सारी बाटली फसफसून वर येते. शिलारस भूपृष्ठाजवळ आला, म्हणजे त्यांतील वायूंचे बुडबुडे असेच फुटून निघतात व तेच त्याला बाहेर लोटतात.

आतां स्फोट होणार कीं नुसता प्रवाह वाहणार, हें शिलारसाच्या दाटपणावर अवलंबून असतें. गुऱ्हाळांतील काहिलींत रस पातळ असतां बुडबुडे सहज फुटून जातात. पाक दाट होऊं लागला कीं ते आंत अडकतात, आणि मग काहील उडूं लागते. शिलारसांत वाळूचें मूलद्रव्य असलेली सिलिका जितकी अधिक, तितका तो दाट. सिलिका निम्म्याच्या आसपास असेल तर जो दगड होतो, त्यास बेसाल्ट म्हणतात. हाच महाराष्ट्राचा काळा पाषाण. त्याचा रस ११०० ते १२०० अंशांवर बाहेर पडतो, पातळ असतो व दूरवर वाहत जातो. दाट रसाचे ज्वालामुखी मात्र फुटतात. इंडोनेशियांतील क्राकातोआ बेट इ. स. १८८३ च्या २७ ऑगस्टला फुटलें, तेव्हां त्याचा आवाज सुमारें ४,८०० किलोमीटर दूरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकूं गेला आणि उसळलेल्या समुद्रलाटांत व इतर रीतींनीं ३६,००० हून अधिक माणसें मरण पावलीं.

पातळ रसाचा उद्रेक शांत असला तरी तो निरुपद्रवी असतो असें नाहीं. आइसलंडांत लाकी येथें इ. स. १७८३ च्या जून महिन्यांत सुमारें २७ किलोमीटर लांबीची भेग पडली व आठ महिने तींतून लाव्हा वाहत राहिला. विषारी वायूंनीं गवत करपलें, गुरें मेलीं आणि त्या दुष्काळांत देशाच्या लोकसंख्येचा पंचमांश भाग नाहींसा झाला. या लाकीच्या भेगेचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें ठेवावें. कारण महाराष्ट्राची भूमि याच जातीच्या, परंतु कैक पटींनीं मोठ्या, उद्रेकांनीं झालेली आहे.

हा काळ सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. भारतभूमि तेव्हां आजच्या जागीं नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेस, हिंदी महासागरांत होती व दरवर्षीं सुमारें १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनहि अधिक वेगानें उत्तरेकडे सरकत होती. जातां जातां ती रीयुनियनच्या तप्त स्तंभावरून गेली, असें बहुसंख्य भूशास्त्रज्ञांचें मत आहे. कवचास भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्ह्याचे लोट निघाले. एक प्रवाह थंड व्हावा, कांहीं काळ जावा, त्यावर दुसरा यावा, असें होत होत थरावर थर चढले. बहुतेक सारा लाव्हा दहा लक्ष वर्षांच्या आंतच बाहेर पडला, असें अलीकडील कालगणना दाखविते. आजहि सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाखालीं आहे व महाराष्ट्राचा तर सुमारें चार पंचमांश भाग त्यानें व्यापलेला आहे. पश्चिम घाटांत या थरांची जाडी दोन किलोमीटरांच्या वर जाते. पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. घाटाच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच. आंध्र प्रदेशांत राजमहेंद्रीजवळ सांपडणारा लाव्हा हा दख्खनच्या याच प्रवाहांचा असून, तो सुमारें १,००० किलोमीटर वाहत गेला असावा, असें संशोधकांस आढळून आलें आहे.

येथें एक शंका येते. इतका लाव्हा ज्या मुखांतून आला, तें मुख कोठें आहे? शंकूच्या आकाराचा डोंगर शोधूं गेल्यास तो मिळणार नाहीं. धुळें व नंदुरबार जिल्ह्यांत जमिनींतून भिंतीसारखे उभे राहिलेले लांबच लांब खडक दिसतात. भेगांतून वर येतां येतां तेथेंच गोठलेला तो शिलारस होय. हिंगोलीच्या शेजारीं, बुलढाणा जिल्ह्यांत, लोणारचें सरोवर आहे. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा तो वाटोळा खळगा पाहून विद्वानांनींहि त्यास दीर्घकाळ ज्वालामुखीचें मुख मानलें होतें. परंतु प्रचंड आघाताखेरीज तयार न होणारी कांच तेथील दगडांत सांपडली व तो खळगा उल्कापातानें पडल्याचें इ. स. १९७३ च्या सुमारास निश्चित झालें. दख्खनचे उद्रेक थांबून गेल्यावर, थंड झालेल्या काळ्या पाषाणावर ती उल्का आदळली.

ज्यास हे उद्रेक प्रत्यक्ष वाचावयाचे असतील, त्यानें हिंगोलींतील कोणत्याहि खोल, न बांधलेल्या विहिरीच्या कांठावर उभें राहावें. सर्वांत वर काळी माती असते. बेसाल्ट झिजून ती झाली. ओलावा मिळतांच ती फुगते, उन्हाळ्यांत तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पाणी धरून ठेवण्याच्या तिच्या गुणावर या जिल्ह्याचा कापूस, सोयाबीन व हळद पोसली जाते. तिच्याखालीं मुरूम लागतो. हा अर्धवट कुजलेला दगड. त्यांत कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटणारे वाटोळे गोटे असतात. त्याखालीं येतो तो टणक काळा पाषाण. पहार मारली तर ठिणगी उडावी असा. हा प्रवाहाचा मधला भाग. तो सावकाश थंड होतांना आकसला, म्हणून त्याला उभ्या चिरा पडल्या.

आणखी खालीं गेल्यास कोठें कोठें तांबडी, गेरूसारखी पट्टी दिसते. या पट्टींतच दोन उद्रेकांमधील काळ सांठविलेला आहे. एक प्रवाह थंड होऊन त्याची माती झाली आणि पुढच्या प्रवाहानें ती वीटभट्टींतल्याप्रमाणें भाजून काढली. अशा मधल्या काळांत तळीं सांचत, झाडें उगवत, जीव नांदत. नागपूरजवळ टाकळी येथें स्टीफन हिस्लॉप यांनीं एकोणिसाव्या शतकांत अशाच थरांतील प्राचीन जीवांचे अवशेष गोळा केले, आणि मुंबईस वरळी येथें तर त्या काळच्या बेडकांचे सांगाडे दगडांत मिळाले आहेत. तांबड्या पट्टीखालीं जुन्या प्रवाहाचा माथा लागतो. तो जाळीदार असतो. शिलारसांतील वायूचे बुडबुडे वर येऊन तेथें अडकले होते, त्यांचीं तीं घरें. कांहीं घरांत मागाहून पांढरे स्फटिक व गारगोट्या भरल्या. विहीर खणणारे लोक या दगडास मांजऱ्या म्हणतात.

ही केवळ कौतुकाची गोष्ट नव्हे; जिल्ह्याचें पाणी याच रचनेवर ठरतें. टणक पाषाणांत चिरा नसतील तर थेंबभर पाणी राहत नाहीं. पाणी राहतें तें मुरमांत, चिरांत आणि झिजलेल्या जाळीदार थरांत. म्हणूनच एका शेतांत कूपनलिकेस पाणी लागतें आणि शंभर पावलांवरची दुसरी कोरडी जाते. नशिबाला किंवा पाणाड्याला बोल लावण्यापूर्वीं शेजारच्या दोन-चार विहिरींचे थर पाहिले, कोणत्या खोलीवर पाझर लागला हें विचारलें, तर पुष्कळ खर्च वांचूं शकतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. हा अग्नि पुन्हां पेटेल काय? ज्या तप्त स्तंभानें तो पेटविला, तो आज हिंगोलीपासून हजारों किलोमीटर दूर आहे. भारतभूमि उत्तरेस निघून आली व स्तंभ मागें राहिला. त्याच्या मार्गावर लक्षद्वीप व मालदीव यांच्या तळाची रांग आणि नंतर मॉरिशस बेट तयार झालें. ज्या मॉरिशसमध्यें मराठी माणसांचीं घराणीं पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत, तेथील काळा दगडहि अशा रीतीनें महाराष्ट्राच्या पाषाणाचा धाकटा भाऊ ठरतो. आज तो स्तंभ रीयुनियन बेटाखालीं असून तेथील ज्वालामुखी जगांतील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकीं एक आहे. महाराष्ट्राखालीं काय आहे, हें तर छिद्रें घेऊनच पाहिलें गेलें. किल्लारी येथें सुमारें ३३८ मीटर खोलीवर काळा पाषाण संपला व त्याच्या तळाशीं अतिप्राचीन खडक लागला. कोयनेच्या परिसरांत इ. स. २०१७ मध्यें ३ किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झालें. कोठेंहि शिलारस आढळला नाहीं.

पैनगंगेच्या कांठीं, नांदेड जिल्ह्यांत, उनकेश्वर येथें ऊन पाण्याचे झरे आहेत, त्यांवरूनहि कोणी शंका घेईल. परंतु जमिनींत एक किलोमीटर खोल गेलें कीं उष्णता सुमारें २५ ते ३० अंशांनीं वाढते. खोल चिरांत उतरलेलें पावसाचें पाणी तेथें तापून लौकर वर आलें, म्हणजे ऊन झरा होतो. त्याला ज्वालामुखीची गरज नाहीं. ज्वालामुखी जागा होतो तेव्हां जमीन फुगूं लागते, विहिरींचें पाणी तापतें, गंधकाच्या वायूंचा उग्र वास येतो, भेगांतून वाफा निघतात. यांतील एकहि लक्षण पांगरा शिंदेच्या आवाजांसोबत नाहीं.

मग आवाज कशाचा? तो लहान व उथळ भूकंपांचा. भारतभूमि आजहि दरवर्षीं सुमारें ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकून हिमालयाशीं भिडत आहे. त्या रेट्याचा ताण सबंध द्वीपकल्पांतील खडकांत सांठत असतो, आणि बेसाल्टखालच्या प्राचीन खडकांत ज्या जुन्या भेगा आहेत, त्यांच्या बाजू मधून मधून किंचित घसरतात. या घसरण्यानें जी पहिली लहर निघते, ती हवेंतील ध्वनीसारखीच दाबाची लहर असते. भूकंप खोल असेल तर वाटेंत तिचा आवाज विरतो. तो उथळ असेल व वरचा खडक टणक असेल तर ती लहर भूपृष्ठावरून हवेंत शिरते आणि गडगडाट ऐकूं येतो. टणक पाषाण ध्वनि चांगला वाहतो, हें रेल्वेच्या रुळास कान लावणाऱ्या मुलांसहि कळतें.

ज्वालामुखीची भीति अशा रीतीनें सोडून देतां येते. भूकंपाची सावधगिरी मात्र सोडतां येत नाहीं. इ. स. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहांटे लातूर व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला व सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. तो भूकंप ६.२ इतका होता. जगांतील मोठ्या भूकंपांत त्याची गणना होत नाहीं. तेथें माणसें मेलीं तीं बहुतांशीं घरांखालीं चिरडून. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचा प्रचंड भार, अशी मराठवाड्याची जुनी घरबांधणी होती. काळा पाषाण स्वतः भक्कम खरा. पण मातीनें सांधलेले वाटोळे धोंडे धक्का बसतांच सुटतात आणि माळवद सरळ खालीं येतें. भिंतीच्या आंतल्या व बाहेरल्या दोन्ही बाजूंस बांधून ठेवणारे लांब दगड घालणें, दारांच्या वरच्या पातळीस चारी भिंतींवरून सिमेंट-सळईचा सलग पट्टा फिरविणें, माळवदावरील मातीचे थर उतरवून छप्पर हलकें करणें, या साध्या उपायांनीं अशीं घरें पुष्कळ सुरक्षित होतात. जमिनींत आवाज होत असतां भिंतीच्या आडोशास न थांबतां मोकळ्या जागीं यावें, आणि एकदां धक्का बसलेल्या घराची भिंत दुसऱ्या धक्क्यापूर्वीं तपासून घ्यावी, हेंहि गांवांतील लहानथोरांस ठाऊक असलें पाहिजे.

याच जिल्ह्यांत औंढ्याजवळ विश्वांतील गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्याचें काम हातीं घेण्यांत आलें असून, इ. स. २०२३ मध्यें केंद्र सरकारनें त्यासाठीं सुमारें २,६०० कोटि रुपयांस मान्यता दिली. तिच्या काटकोनांतील दोन भुजा प्रत्येकीं ४ किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. जमिनीच्या नित्य कंपनांचा अभ्यास करून ही जागा निवडलेली आहे. विद्वानांनीं जमीन मोजून पाहिली, तसें गांवकऱ्यांनींहि आपल्या पायाखालचा दगड ओळखावा. त्याचे थर पाहून विहीर खणावी, आणि त्याच दगडाचें घर बांधतांना तो नीट सांधून बांधावा.